एका वेळी एकच अडचण

दोन वर्षांचे मूल गोल, चौकोन आणि त्रिकोण आपापल्या खाचेत नीट बसवू लागले की घरची मंडळी हौसेने पुढचे पझल आणतात. खोक्यावर छापलेले वय पाहून खरेदी होते. मूल दोन तुकडे उचलते, इकडेतिकडे लावून बघते आणि भिरकावून देते. मग ‘याला अजून समज नाही’ म्हणत खोके माळ्यावर जाते. खरे तर चुकलेली असते पायरी. ती कशी ओळखावी, यावर डोके चालवणाऱ्यांचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग महाराष्ट्रात घडला आहे.

सुरुवात पॅरिसमधली. आव्हेरोंच्या रानात सापडलेला, बोलता न येणारा एक मुलगा १८०० साली तिथल्या मूकबधिर संस्थेत आणला गेला. झाँ इतार या तरुण डॉक्टरने त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि त्याला शिकवायला घेतले. एका फळीवर त्याने तांबडे वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन चिकटवला. पुठ्ठ्याचे तसेच तुकडे व्हिक्टरने त्या त्या जागी खिळ्याला अडकवायचे. ते जमले. पण मुलगा रंग ओळखतो की आकार? इतारने सगळ्यांचा रंग सारखा केला, आकार तेवढे वेगळे ठेवले. तेही जमले, तेव्हा आकार एकच ठेवून रंग बदलले. पुढे मात्र त्याने घाई केली. आकार वाढवले, एकमेकांसारखे दिसणारे आकार आणि छटा शेजारी शेजारी आणल्या. व्हिक्टर संतापून तुकडे फेकू लागला. माळ्यावर गेलेल्या खोक्याची गोष्ट इतारच्या टिपणांत अशी आधीच लिहिलेली आहे.

त्याआधी लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी लाकडावर चिकटवलेले नकाशे कापून विकत असे, पण ते भूगोल शिकणाऱ्या, सुखवस्तू घरांतल्या मोठ्या मुलांसाठी होते. तान्हेपण नुकतेच सरलेल्या मुलांच्या पझलांचा वारसा येतो तो इतारकडून. त्याचा शिष्य सेग्विन याने लाकडात आकारांच्या खाचा कोरलेली फळी वापरली. या दोघांची पुस्तके मारिया माँटेसरी यांनी बारकाईने अभ्यासली आणि १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले.

त्यांच्या साधनांतले दट्ट्यांचे चार ठोकळे हाताळून पाहण्यासारखे आहेत. प्रत्येकात दहा भोके आणि दहा दट्टे, वर धरायला छोटी मूठ. एका ठोकळ्यात दट्ट्यांची उंची सारखी, जाडी वेगळी. जाड दट्ट्या बारीक भोकात शिरतच नाही आणि बारीक दट्ट्या मोठ्या भोकात टाकला, तर शेवटी एक जाड दट्ट्या जागेवाचून उरतो. चूक कुणी सांगावी लागत नाही. दुसऱ्या ठोकळ्यात जाडी सारखी, उंची वेगळी. इथे कुठलाही दट्ट्या कुठल्याही भोकात सहज जातो. चूक कळते ती एक वर डोकावतो आणि एक आत बुडतो तेव्हा, आणि तीही डोळ्यांनीच पकडावी लागते. लाकूड तेच, मूठ तीच, बदलली ती एकच गोष्ट. पायरी म्हणतात ती हीच.

अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेसेल यांनी तीन खाचांची फळी मुलांपुढे ठेवली आणि मुलाला ती जमली की त्याच्यासमोरच ती फिरवून ठेवली. डावीकडचा गोल आता उजवीकडे. जागा पाठ करणारे मूल इथे अडते, आकार पाहणारे लगेच हात वळवते. घरी नवे पझल आणण्याआधी जुनेच फळकूट उलटे फिरवून बघावे, हे शहाणपण इथूनच घ्यावे.

महाराष्ट्रात ही दृष्टी आणली ताराबाई मोडक यांनी. राजकोटच्या महिला प्रशिक्षण महाविद्यालयातली नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या आणि १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरींची साधने सुबक होती, पण महागही होती. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत काम करू लागल्या, तेव्हा हा प्रश्न समोर उभा राहिला. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावात जन्मलेल्या. मुले बालवाडीत येईनात, म्हणून या बायांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, पाने, बिया यांवर वर्गीकरण आणि मोजणी सुरू झाली. साधन बदलले तरी लहानमोठे, जाडबारीक, गोलचपटे असा एकेका फरकाचा क्रम सुटला नाही. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. रोमचे लाकूड बोर्डीच्या किनाऱ्यावर शिंपल्यात उतरवणे हे मराठी बालशिक्षणाचे फार मोठे कर्तृत्व आहे, आणि त्याची आठवण पुरेशी ठेवली जात नाही.

‘अंगणवाडी’ हे नाव त्या कामातूनच देशभर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढच्या दशकांत गावोगाव पसरली. पुणे-सातारा महामार्गावरचे, नीरेकाठचे सारोळे असो की वेल्ह्यातली डोंगरउतारावरची वाडी, अंगणवाडी आज ओळखीची आहे. तिथे रोज बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. त्याहून लहान मूल घरीच असते. त्याच्या वाट्याला सेविकेची गृहभेट येते, आणि बराच काळ तिचा भर वजन, लसीकरण, आहार यांवरच राहिला.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्यात ३६ महिन्यांचे महिनावार वेळापत्रक आणि १४० कृती आहेत. महिन्यांचा हिशेब सेविकेला सोयीचा, पण मुलाचा हात पंचांग पाहून चालत नाही. शिवाय बोर्डीचे सगळे सामान इथे चालणारही नाही: चिंचोका किंवा खडा या वयात थेट तोंडात जातो आणि घशात अडकतो. फडताळातले डबे मात्र चालतात. आधी एकच डबा आणि त्याचे झाकण, मग ठळक लहानमोठे दोन, मग मापात थोडाच फरक असलेले तीन. झाकण धरायला सोपे आणि गिळता न येण्याइतके मोठे हवे. तिन्ही झाकणे न चाचपता बसू लागली की गोल डब्यांसोबत एक चौकोनी डबा ठेवावा. गोल झाकण कसेही धरले तरी बसते, चौकोनी मात्र कोपरा जुळेपर्यंत फिरवावे लागते. एवढ्या एका वळणासाठी काही मुलांना आठवडा लागतो, काहींना महिना.