दादासाहेब खापर्डे : वऱ्हाडचे विधिज्ञ आणि राजकारणी

आपल्या धर्मप्रांतातील अमरावती, अकोला व आसपासच्या जिल्ह्यांच्या सार्वजनिक जीवनाची जडणघडण ज्यांनी केली, त्यांत वकिलांचा वाटा मोठा आहे. त्यांपैकी गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचा परिचय आम्ही येथे देत आहोत.

जन्म व शिक्षण : दादासाहेबांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८८४ साली ते एलएल.बी. झाले. काही वर्षे सरकारी नोकरी केल्यावर त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली. अल्पावधीतच त्यांची गणना आघाडीच्या वकिलांत होऊ लागली. त्यांच्या सढळ आतिथ्यामुळे लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणत.

राजकारण : १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. सर शंकरन नायर अध्यक्ष होते, तर स्वागताध्यक्षपद दादासाहेबांकडे होते. पुढे १९०७ साली सुरतेस सभेत फूट पडली. अमरावतीचेच वकील रावबहादूर रंगनाथ नरसिंह मुधोळकर नेमस्तांत राहिले आणि १९१२ साली बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. दादासाहेब मात्र लोकमान्य टिळकांच्या बाजूस उभे राहिले.

या निष्ठेची कसोटी लवकरच लागली. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात दादासाहेब चालती वकिली सोडून विलायतेस निघाले. तेथे सुमारे दोन वर्षे राहून त्यांनी प्रिव्ही कौन्सिलकडे व ब्रिटिश राजकारण्यांकडे मित्राच्या सुटकेसाठी खटपट केली. यश आले नाही. १९१० साली ते रिकाम्या हातांनी परतले.

टिळकांच्या निकटवर्तीयांत मुंबई-माझगावचे कॅथोलिक बॅरिस्टर जोसेफ उर्फ काका बाप्टिस्टा हेही होते. १९१६ साली स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष. अमरावतीचे दादासाहेब आणि माझगावचे काका एकाच चळवळीत होते, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. त्या स्नेहात धर्माची भिंत आड आली नाही.

उत्तरायुष्य : टिळकांच्या निधनानंतर गांधीजींचा असहकाराचा मार्ग दादासाहेबांना पटला नाही. कायदेमंडळात जाऊन झगडावे, या मताने ते केंद्रीय राज्यपरिषदेत गेले. या निर्णयाने ते लोकप्रवाहापासून दूर पडले, तरी मनास पटले तेच त्यांनी केले. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

अमरावतीतील ‘खापर्डे बगीचा’ हे नाव आजही त्यांच्या घराण्याची आठवण देते. मित्रासाठी स्वतःचे सर्वस्व देण्याहून मोठी प्रीती नाही, अशी प्रभू येशूची शिकवण आहे. अपयश दिसत असूनही दोन वर्षे परदेशी झिजलेल्या या वकिलाचे चरित्र त्या दृष्टीने वाचावे, असे आम्हांस वाटते.