भैरवीचे भाषांतर

गायकावर चित्रपट काढायचा तर बहुधा दोन माणसे लागतात, एक दिसणारा आणि एक गाणारा. ‘हंसगीते’ या कन्नड कादंबरीला अशा दोन जोड्या मिळाल्या. त. रा. सुब्बराव यांची ही कादंबरी १९५२ची. तिचा नायक भैरवी वेंकटसुब्बय्या हा अठराव्या शतकातला, चित्रदुर्गचा कर्नाटक संगीत गाणारा. मी राहते त्या इलेक्ट्रॉनिक सिटीपासून चित्रदुर्ग दोनशेहून अधिक किलोमीटर. कादंबरी मात्र चार वर्षांत मुंबईच्या पडद्यावर पोहोचली.

१९५६ साली राजा नवाथे यांनी तिच्यावरून हिंदीत ‘बसंत बहार’ काढला. संगीत शंकर-जयकिशन यांचे. गाणे हिंदुस्थानी झाले आणि शीर्षकात दुसराच राग आला. अनुवादक म्हणून मला ते पटते. ‘भैरवी’ हा शब्द दोन्हीकडे आहे, राग एक नाही. कर्नाटक भैरवीत रिषभ शुद्ध आणि धैवत दोन्ही; आपल्या भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. आपल्याकडे भैरवी लागली की मैफल संपली. तिकडे त्याच नावाच्या रागातल्या वर्णमने मैफल सुरूही होते. शब्द तसाच ठेवला असता तर अर्थ उलटा झाला असता.

दरबारातल्या जुगलबंदीत नायक भारतभूषणचा आवाज मन्ना डे यांचा, प्रतिस्पर्ध्याचा भीमसेन जोशींचा. कथेप्रमाणे नायक जिंकतो. रोणला जन्मलेले, कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकलेले भीमसेन अशा रीतीने कन्नड कादंबरीच्या हिंदी अवतारात हरणाऱ्याचा आवाज झाले. दहा वर्षांनी, १९६६च्या ‘संध्याराग’मध्ये ते कन्नडमध्ये गायले. तीही गवयाचीच गोष्ट, अ. न. कृष्णराव यांच्या कादंबरीवरची.

१९७५ साली जी. व्ही. अय्यर यांनी ‘हंसगीते’ कन्नडमध्येच केला. पडद्यावर मुंबईच्या कोकणी, कन्नड, मराठी रंगभूमीवरून आलेले अनंत नाग, आवाज एम. बालमुरलीकृष्ण यांचा. त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वेंकटसुब्बय्याला त्याचे कर्नाटक संगीत परत मिळाले.

मराठी रसिकांना भीमसेन-मन्ना डे जुगलबंदी तोंडपाठ असते, त. रा. सुब्बरावांचे नाव क्वचितच. भाषांतरात राग बदलावा लागतो, हे मी मान्य करते. पण राग बदलला म्हणून मूळ गाव विसरायचे कारण नाही. ‘बसंत बहार’ची आठवण निघाली की चित्रदुर्गचाही उल्लेख व्हावा, एवढीच माझी मागणी.