छपरावरील अँटेना आणि घरातील भाषा : वेल्सचा इतिहास

भाषेचा इतिहास लिहिताना शाळा, न्यायालये, जनगणना आणि शासननिर्णय यांची नोंद आवर्जून घेतली जाते. घराच्या छपरावरील अँटेना कोणत्या दिशेस वळवला आहे, याची नोंद मात्र क्वचितच होते. ब्रिटनच्या पश्चिमेस असलेल्या, आज सुमारे ३१ लाख लोकवस्तीच्या वेल्स या छोट्या देशात भाषेचा एक मोठा लढा याच अँटेनाभोवती उभा राहिला. राज्याची सीमा एकीकडे आणि भाषेची सीमा दुसरीकडे, ही स्थिती ज्यांनी पिढ्यान् पिढ्या अनुभवली आहे, त्या आम्हां मराठी भाषकांनी हा इतिहास समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

१५३६ च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली. तरीही लोकांच्या मुखी वेल्श टिकून राहिली. १९०१ च्या जनगणनेत जवळपास निम्मी प्रजा ती बोलत होती. १९६१ पर्यंत हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले आणि १९७१ मध्ये २१ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. नेमक्या याच काळात दूरचित्रवाणी घरोघर पोहोचत होती. शाळेत आणि कचेरीत इंग्रजी होतीच; आता संध्याकाळी घराच्या दिवाणखान्यातही तीच बोलू लागली.

१५ ऑगस्ट १९५२ रोजी कार्डिफजवळील वेन्व्हो येथे बीबीसीचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. त्याच्या लहरी दक्षिण वेल्समध्ये पोहोचत, तशाच ब्रिस्टलच्या खाडीपलीकडे पश्चिम इंग्लंडातही पोहोचत. एकाच केंद्रावर दोन देशांची घरे अवलंबून होती. वेल्श कार्यक्रम लागला की इंग्लंडातील प्रेक्षक तक्रार करीत आणि तो अपुरा व आडवेळी लागतो म्हणून वेल्श भाषक तक्रार करीत. १९५८ मध्ये सुरू झालेल्या टीडब्ल्यूडब्ल्यू या खासगी कंपनीचे क्षेत्रही असेच वेल्स व पश्चिम इंग्लंड मिळून आखलेले होते. पश्चिम व उत्तर वेल्ससाठी १९६२ मध्ये ‘तेलेदी कम्री’ ही स्वतंत्र कंपनी निघाली. परंतु प्रक्षेपण केंद्रे वेळेवर पूर्ण होईनात, घरे जोडली जाईनात आणि जाहिराती मिळेनात. १९६४ च्या आरंभी ती टीडब्ल्यूडब्ल्यूमध्ये विलीन झाली. भाषेवरील निष्ठा कमी पडली नव्हती. कमी पडले ते मनोरे.

१९६४ मध्येच बीबीसीने वेल्ससाठी वेगळी सेवा सुरू केली. तरीही मूळ तिढा सुटला नाही, कारण आता तो वेल्सच्या आतच होता. वेल्समधील बहुसंख्य लोकांना वेल्श येत नव्हती. आपल्या वाहिनीवर वेल्श कार्यक्रम लागतात म्हणून ईशान्य वेल्समधील अनेक कुटुंबांनी अँटेना लँकेशरमधील विंटर हिलकडे वळवले, तर आग्नेयेकडील कुटुंबांनी सॉमरसेटमधील मेन्डिपकडे. याचा परिणाम भाषेपुरता राहिला नाही. अशा घरांत बातम्या येत त्या मँचेस्टरच्या किंवा ब्रिस्टलच्या. कार्डिफमध्ये काय घडते आहे ते तेथे कळेनासे झाले. माणसे राहत होती वेल्समध्ये, पण त्यांचे सार्वजनिक जीवन सीमेपलीकडे सरकले.

१३ फेब्रुवारी १९६२ रोजी सॉन्डर्स लुईस यांनी नभोवाणीवर भाषेच्या भवितव्याविषयी व्याख्यान दिले. त्या प्रेरणेतून त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना स्थापन झाली. वेल्श वाहिनीसाठी तिचे कार्यकर्ते मनोऱ्यांवर चढले, त्यांनी दूरचित्रवाणीचा परवाना भरण्यास नकार दिला आणि तुरुंगवासही पत्करला. १९७४ मध्ये क्रॉफर्ड समितीने वेल्समधील चौथी वाहिनी वेल्श कार्यक्रमांना द्यावी, अशी शिफारस केली. या मागणीमागे एक व्यावहारिक शहाणपण होते. वेल्श कार्यक्रम एका वाहिनीवर एकत्र आले तर वेल्श भाषकांना हक्काची जागा मिळणार होती, आणि ज्यांना वेल्श येत नाही त्यांच्या अन्य वाहिन्याही मोकळ्या होणार होत्या. म्हणूनच ही मागणी वेल्श भाषकांपुरती सीमित राहिली नाही.

१९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने हे आश्वासन दिले. सत्तेवर येताच गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी ते फिरवले. त्याच ऑक्टोबरात पेन्नार डेव्हिस, मेरेदिद एव्हान्स व नेड थॉमस या तीन प्रतिष्ठित विद्वानांनी पेनकारेग येथील प्रक्षेपण केंद्र बंद पाडले आणि त्यासाठी ते न्यायालयासमोर उभे राहिले. दोन हजारांहून अधिक लोकांनी परवाना शुल्क न भरण्याची प्रतिज्ञा केली. मे १९८० मध्ये प्लाइड कम्री पक्षाचे अध्यक्ष ग्विनव्हॉर एव्हान्स यांनी जाहीर केले, की वचन पाळले नाही तर ६ ऑक्टोबरपासून आपण आमरण उपोषण करू. त्यांचे वय तेव्हा ६७ होते आणि ते शब्दाचे पक्के म्हणून ओळखले जात. १७ सप्टेंबर रोजी सरकारने माघार घेतली; उपोषण करावेच लागले नाही.

१ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस-फोर-सी’ वाहिनी सुरू झाली. आठवड्याला सुमारे २२ तास वेल्श कार्यक्रम आणि उरलेल्या वेळेत ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’चे इंग्रजी कार्यक्रम, अशी तिची रचना होती. ‘सुपरटेड’, ‘साम तान’ यांसारखी मुलांची चित्रमालिका मुळात वेल्शमध्ये घडून पुढे जगभर गेली. ‘चॅनल फोर’चे कार्यक्रम आपल्या वेळी मिळत नाहीत म्हणून काही अँटेना इंग्लंडकडेच राहिले. हा पेच डिजिटल प्रक्षेपणाने सोडवला. ३१ मार्च २०१० रोजी वेल्समधील जुने प्रक्षेपण पूर्णतः थांबले आणि एस-फोर-सी संपूर्ण वेल्श वाहिनी झाली.

एका वाहिनीने भाषा वाचते, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्श भाषकांचे प्रमाण १७.८ टक्के होते. २०११ पेक्षाही ते घटलेलेच आहे. परंतु शतकाच्या पूर्वार्धात वेगाने सुरू असलेली घसरण १९८१ नंतर मंदावली, आणि त्यात शाळांबरोबरच या वाहिनीचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो. लेखक, नट, तंत्रज्ञ यांना वेल्शमध्ये काम करून पोट भरता येऊ लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांत आता अँटेना उरलेले नाहीत. त्यांच्या जागी सेट-टॉप बॉक्स आणि वाहिन्यांचे पॅकेज आले आहे. त्या पॅकेजात मराठी वाहिनी आहे काय, आणि असल्यास आपल्या मुलांना पाहावेसे वाटेल असे तीवर काय आहे, हे प्रत्येक घराने स्वतः तपासून पाहावे. वेल्सच्या लोकांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला. आपल्याला आरंभ करण्यासाठी निदान घरातील पडद्याकडे भाषेच्या दृष्टीने एकदा पाहता येईल.