बाहुल्या हलू लागतात तेव्हा

दिवाळी अंक आणि भुताची गोष्ट यांचं आपल्याकडे जुनं नातं आहे. चकलीचा तुकडा तोंडात आणि हातात नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी, अशा कितीतरी दिवाळ्या आपण काढल्या. तेव्हा यंदा बाहुल्यांच्या भीतिदायक चित्रपटांची कूळकथा सांगितली, तर मंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

इथल्या आपल्या मुलांनी 'कोरलाइन' (२००९) पाहिलेला असतो. डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली ती 'दुसरी आई' आठवते ना? ती खरीखुरी बाहुली आहे. तिला केसभर हलवायचं, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायचं. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे एका मिनिटाला १४४०. या तंत्राला स्टॉप-मोशन म्हणतात.

आपल्या देशात याची सुरुवात केली ती त्र्यंबकेश्वरच्या एका माणसाने, हे मुलांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. दादासाहेब फाळके यांना १९१२ साली पहिल्या चित्रपटासाठी भांडवल हवं होतं. सावकारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्यासमोर ठेवून त्याची वाढ थोडी थोडी टिपली. काही आठवड्यांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. 'राजा हरिश्चंद्र' आला तो त्यानंतर, १९१३ मध्ये. पुढे १९१५ च्या सुमारास, महायुद्धामुळे कच्ची फिल्म मिळेनाशी झाली असताना, त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट केला. त्यात चक्क काड्यापेटीतल्या काड्या नाचत होत्या! फाळके हातचलाखीचे प्रयोगही करत. आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' असं नाव त्यांनी घेतलं होतं. निर्जीव वस्तू हलली की माणूस कसा थक्क होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काड्यांचा तो पट आज उपलब्ध नाही, याची हळहळ वाटते.

साधारण त्याच काळात तिकडे युरोपात लादिस्लाव स्तारेविच कीटकांचं चित्रण करू पाहत होता. जिवंत भुंगेरे दिव्याच्या प्रकाशात हालचालच करेनात. मग त्याने मेलेल्या भुंगेऱ्यांना तारेचे पाय लावले आणि त्यांना नट बनवलं! काही प्रेक्षकांना ते शिकवून तयार केलेले जिवंत किडे वाटले म्हणे. मेलेल्या जिवाने नाटक करायचं ही कल्पनाच अंगावर काटा आणते. म्हणजे फाळक्यांच्या काड्या हसवत होत्या आणि इकडे तेच तंत्र अंधाराकडे वळलं होतं.

तो अंधार गडद केला साहित्याने. चेकोस्लोव्हाकियात १९४५ साली चित्रपटधंदा सरकारी झाला आणि बाहुलीपटांना पगारी कलाकार मिळाले. यिरी त्र्न्का यांच्या बाहुल्यांचा चेहरा बदलत नसे; प्रकाश आणि कॅमेऱ्याचा कोन बदलला की तोच चेहरा रडू लागे. अँडरसनच्या परीकथेवर बाहुलीपट करणाऱ्या या माणसाने १९६५ साली 'हात' नावाचा छोटा पट केला. कुंड्या घडवणाऱ्या एका साध्या कलावंताला एक अवाढव्य हात आपलाच पुतळा करायला भाग पाडतो. १९६९ मध्ये त्र्न्का गेले आणि त्यानंतर लवकरच त्या पटावर बंदी आली. पुढे यान श्वांकमायर यांनी एडगर ॲलन पोच्या कथा घेतल्या. क्वे बंधूंनी १९८६ मध्ये ब्रुनो शुल्झच्या कथांवरून 'स्ट्रीट ऑफ क्रोकोडाइल्स' केला. शुल्झ हा पोलंडमधला ज्यू लेखक. १९४२ मध्ये नाझींनी त्याला गोळी घातली. त्याच्या कथेतला कापडदुकानदार बाप शिवणाऱ्या मुलींना शिंप्याच्या पुतळ्यांचं दुःख समजावून सांगतो. मनामा सूकमध्ये दुकानं बंद झाल्यावर काचेआडचे पुतळे पाहिलेत कधी? मला तरी तेव्हा शुल्झच आठवतो.

मग आपल्याकडे हे का घडलं नाही? अंधाऱ्या कथा नव्हत्या असं तर मुळीच नाही. जी. एं.च्या 'काजळमाया'त एखाद्या त्र्न्काला आयुष्यभर पुरेल इतकं सामान आहे. धारपांच्या कथेचा धागा घेऊन राही बर्वे यांनी 'तुंबाड' (२०१८) केला तेव्हा सगळा देश घाबरला; पण तो हिंदीत, आणि त्यात हाडामांसाची माणसं. बाहुल्याही होत्या. विष्णुदास भावे यांनी सांगलीत लाकडी बाहुल्या घडवल्या आणि त्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. माझ्या मते अडचण दोन ठिकाणी झाली. फाळक्यांनंतर चमत्कार म्हटला की तो देवाचाच, असं पडद्यावर ठरून गेलं. आणि महिनाभर खपून मिनिटभर चित्र देणाऱ्या माणसाला पोसणार कोण? शिवाय बाहुली म्हणजे पोरखेळ हा आपला समज. 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीला पोरं किती आवडीने घाबरतात, हे ते बालनाट्य पाहिलेल्या आईबापांना विचारा. इथल्या अरबी आज्याही काही मागे नाहीत. मुलांनी भर दुपारच्या उन्हात बाहेर पडू नये म्हणून त्या गाढवाच्या रूपातल्या बाईची गोष्ट सांगत. आपला बागुलबुवा तिचा सख्खा भाऊच!

सुट्टीत कोकणात जाणार असाल तर कुडाळला उतरून जवळच्या पिंगुळीला जरूर जा. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान् पिढ्या सांभाळली आहे. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात त्याचं संग्रहालय उभारलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दिव्यासमोर रावणाची ती चामड्याची आकृती धरली की भिंतीवरची सावली दिवा जवळ-लांब होईल तशी फुगते, लहान होते. मुलांना मोबाइल घेऊन येऊ द्या. एक चित्र काढायचं, रावण केसभर हलवायचा, मग दुसरं चित्र.