बर्ड फ्लूच्या सालची कोंबडी

आमच्या रामटेकच्या भागात पूर्वी कोंबडी विकत आणायची वस्तू नव्हती. ती दारातल्या खुराड्यात असे. पाहुणा आला की आम्ही पोट्टे तिच्यामागे धावायचो. वर्ष-दीड वर्षाची, रानोमाळ चरून टणक झालेली कोंबडी माय चुलीवर दीड-दोन तास शिजवायची. गंजावर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. तेच तापलेलं पाणी रश्श्यात ओतायचं. इतका वेळ शिजल्यावर कच्चं राहायचा प्रश्नच नव्हता.

मग ब्रॉयलर आली. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ साली अंड्यांच्या भावासाठी ‘एनईसीसी’ उभी राहिली आणि कुक्कुटपालन शेतीचा जोडधंदा म्हणून गावोगाव पोचलं. सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरणारा पक्षी! मीही ५०० पक्ष्यांचं शेड टाकलं.

पक्षी नवा आला, पण चुलीवरचा हिशेब जुनाच राहिला. कोवळं मांस तासभर उकडलं की छातीच्या फोडी सुतळीसारख्या व्हायच्या. माय म्हणायची, “तुह्या कोंबडीले चवच नाही.” दोष कोंबडीचा नव्हता, वेळेचा होता. ते कळायला एक वाईट साल यावं लागलं.

१८ फेब्रुवारी २००६. देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला सापडल्याचं जाहीर झालं. तिकडे लाखो कोंबड्या मारल्या. नवापूर महाराष्ट्राच्या पश्चिम टोकाला, आम्ही पूर्वेकडे. पण भीतीला अंतर नसतं. व्यापाऱ्याची गाडी यायची थांबली. पक्षी रोज खाद्य खात होते आणि खाद्याची उधारी माझ्या डोक्यावर चढत होती. ७० अंशांवर नीट शिजवलं की विषाणू मरतो, असं डॉक्टर सांगत होते. शहरांत कोंबडीवाले फुकट जेवणं घालत होते.

मीही शेजारच्या चार घरांना जेवायला बोलावलं. बायकोनं भीतीपोटी कोंबडी दोन तास उकडली. एक म्हातारा घास चावत म्हणाला, “रोगानं नाही मरत बाप्पा, पण दात जाईन.” दुसऱ्यांदा कोणी वाढून घेतलं नाही.

त्या रात्री माय म्हणाली, “कच्ची नको, हे खरं. पण जाळाची कशाले? हाडाले विचार ना.”

पुढच्या वेळी तिनं स्वतः केली. फोडी सारख्या आकाराच्या केल्या, मीठ, हळद, दही लावून तासभर झाकून ठेवल्या. तंगडीचे तुकडे आधी टाकले, छातीचे दहा-बारा मिनिटांनी. पाण्याच्या झाकणाखाली मंद आच. मग मांडीच्या सांध्यापाशी सुरी खुपसून पाहिली. रस लालसर दिसला तर पुन्हा झाकण. स्वच्छ आला आणि मांस हाडापासून सुटलं की गंज खाली. त्या दिवशी सगळ्यांनी बोटं चाटली.

आता माझ्या पोराकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे. जाड फोडीच्या मधोमध, हाडाला न टेकवता खुपसायचा. ७४ अंश झाले की झालं. नुसता रंग कधीकधी फसवतो, कारण कोवळ्या पक्ष्याच्या हाडाजवळ शिजल्यावरही लाली राहते. त्यापुढे उकळत राहिल्यानं जास्तीची राखण होत नाही, फक्त मांसातलं पाणी निघून जातं.

खरा धोका चुलीच्या आधीच जास्त असतो. कच्ची कोंबडी जोरानं नळाखाली धुतली तर शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात. ज्या विळीवर कोंबडी चिरली तिच्यावरच कोशिंबिरीचा कांदा चिरला, तर रस्सा कितीही उकळा, काय उपयोग? विळी आणि हात साबणानं धुवायचे, मग दुसरं काम.

माझं शेड मात्र वाचलं नाही. पक्षी मिळेल त्या भावाला काढले, उधारी दोन हंगाम फेडली. आता तिथं तुरीच्या तुऱ्हाट्या असतात.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट मेले. जानेवारीत कळलं, बर्ड फ्लू. कच्च्या कोंबडीतून तो आला असावा, असा संशय होता. बातमी वाचून गावात पुन्हा चिकन बंद झालं. मी म्हटलं, वाघाजवळ चूल नाही. आपल्याजवळ आहे, अन् मायचं झाकणही आहे.