शीतगृहातला डोंगर

युरोपच्या शेतीधोरणाचा इतिहास सहसा गहू आणि लोण्याच्या हिशेबाने सांगितला जातो. मला तो गोमांसाच्या बाजूने वाचणे अधिक उद्बोधक वाटते. गाय गाभण राहिल्यापासून तिचा गोऱ्हा कत्तलखान्यात जाईपर्यंत दोन-अडीच वर्षे सहज जातात. आज ठरवलेल्या भावाचे फळ तेव्हा हाती येते, आणि तोवर बाजार बदललेला असतो.

या धोरणाचे मूळ भुकेत आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये सुमारे २०,००० माणसे उपासमारीने मेली. मुक्तीनंतर त्या देशाचे शेतीमंत्री झालेले सिको मान्सहोल्ट स्वतः शेतकरी होते. पुढे तेच युरोपीय आर्थिक समुदायाचे पहिले शेती आयुक्त झाले. १९५७च्या रोम कराराने अन्नाचा खात्रीचा पुरवठा आणि शेतकऱ्याचे रास्त राहणीमान ही उद्दिष्टे शेजारी-शेजारी मांडली. १९६८मध्ये सहा सदस्य देशांची गोमांसाची बाजारपेठ एक झाली. भाव पडला की सरकारी यंत्रणेने मांस विकत घेऊन गोठवायचे, बाहेरच्या मालावर कर बसवायचा, निर्यातीला अनुदान द्यायचे, अशी ही व्यवस्था होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मान्सहोल्ट यांनीच धोक्याची घंटा वाजवली. शेतकऱ्यांची, जमिनीची आणि गाईंचीही संख्या कमी करा, असे त्यांच्या योजनेत होते. मार्च १९७१मध्ये संतप्त शेतकरी ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर उतरले; त्या गदारोळात एकाचा जीव गेला. योजनेतले फारच थोडे अमलात आले.

१९८४मध्ये अतिरिक्त दुधाला आवर घालण्यासाठी कोटा आला. पण युरोपातल्या गोमांसाचा मोठा वाटा दुधाच्या कळपांतूनच येतो. कोट्याबाहेरच्या गाई कत्तलखान्यात गेल्या आणि दुधाचे संकट मांसाच्या शीतगृहात शिरले.

तिथला माल अनुदानाच्या जोरावर पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वस्तात उतरू लागला. माली, बुर्किना फासोचे पशुपालक आपली गुरे याच किनारी शहरांत विकत आले होते. त्यांची स्पर्धा आता युरोपच्या तिजोरीशी होती.

इथे मला आपल्याकडची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९७०पासून 'ऑपरेशन फ्लड'साठी युरोपची शिलकी दूधभुकटी आणि लोणीतेल भारतात दान म्हणून आले. ते मुंबईसह चार महानगरांत दुधाच्या रूपाने विकले गेले, आणि मिळालेल्या पैशातून सहकारी दूधव्यवसाय उभा राहिला. तिथेही शिल्लक युरोपचीच होती. पण विक्रीची सूत्रे भारतीय संस्थांच्या हाती होती. आफ्रिकेतल्या पशुपालकाच्या हाती असे काहीच नव्हते.

१९९२मध्ये रे मॅकशॅरी यांनी गोमांसाचा आधारभाव १५ टक्क्यांनी उतरवायचे ठरवले आणि भरपाई म्हणून जनावरामागे रक्कम देऊ केली. १९९६मध्ये 'मॅड काउ' रोगाचा माणसाशी संबंध उघड झाला, मागणी कोसळली आणि गोदामे पुन्हा भरू लागली. २००३च्या सुधारणेने अखेर बहुतांश अनुदान जनावरांच्या संख्येपासून तोडले.

या ३५ वर्षांत प्रत्येक उपायाने पुढच्या संकटाला जन्म दिला, याचे कारण मला एकच दिसते. शेतकऱ्याला जगवणे आणि त्याचा माल विकत घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. युरोपने ती एकच मानली, आणि त्या गल्लतीची किंमत सहाराच्या कडेला गुरे राखणाऱ्यांनीही मोजली.