दीड हजाराचा हेडसेट आणि आजोबांचा रेडिओ-परवाना

गेल्या मे महिन्यात गोंदियाहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, या हेडसेटमधी आवाज लेट येऊन राहिला. समोरचा मले मारून जाते, अन् मंग त्याच्या पायाचा आवाज येते."

भाऊ बीजीएमआय खेळतो. टीममध्ये चौघे: हा गोंदियाचा, एक तिरोड्याचा, एक आमगावचा आणि चौथा सीमेपलीकडे बालाघाटचा. उन्हाळ्यात त्यानं एका राइस मिलमध्ये वजनाच्या पावत्या संगणकावर चढवायचं काम केलं. त्यातले पंधराशे रुपये बाजूला काढून वायरलेस हेडसेट घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या किमतीतले बरेचसे हेडसेट असेच असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘गेमिंग’ लिहिलं होतं. आठवड्याभरात टीमनं त्याला सांगून टाकलं, असंच चाललं तर दिवाळीच्या स्पर्धेला आम्ही दुसरा पोरगा घेऊ.

"मग तारेचा घे ना," मी म्हणालो. "पाचशेत चांगला येतो."

"लावू कुठी?"

त्याच्या फोनला गोल जॅक नाही. टाइप-सीचं एकच भोक, आणि खेळताना त्यात चार्जर. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे घरात काहीही बिघडलं की फोन मलाच येतो. या वेळी मात्र ‘कोणता घेऊ’ याचं उत्तर मला देता येईना. ते शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

ऐकायला परवाना

जूनमध्ये घरी गेलो तेव्हा आजीच्या लोखंडी पेटीत आजोबांचं एक जुनं पुस्तक मिळालं. ते रेडिओच्या परवान्याचं होतं. पोस्टात दरवर्षी पैसे भरायचे, मग त्यावर शिक्का मिळायचा. भावाला ते खरं वाटेना. "ऐकायले लायसन?"

हो, ऐकायला. १९३३ च्या भारतीय बिनतारी कायद्यानुसार वायरलेस यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता, आणि त्यात साधा रेडिओही आला. मुंबईत १९२७ मध्ये प्रसारण केंद्र सुरू झालं होतं. आमच्या भागाला जवळचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता, वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. घरगुती रेडिओचा परवाना १९८० च्या दशकात बंद झाला. म्हणजे आमच्या वडिलांच्या लहानपणी घरात रेडिओ होता आणि त्याची नोंद पोस्टात होती.

हवेतून जाणाऱ्या लहरींवर सरकारचा किती धाक होता, हे १९४२ मध्ये दिसतं. ‘छोडो भारत’ची हाक आल्यावर बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ते जागा बदलत राहिले. नोव्हेंबरमध्ये पकडले गेले, आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये, ११ तारखेला, अमेरिकेत एक पेटंट मंजूर झालं. ते हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल या दोघांच्या नावावर होतं. पाणतीराला वायरलेसनं दिशा द्यायची असेल तर शत्रू तो संदेश बिघडवू शकतो, म्हणून संदेश सतत एका फ्रीक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारत पाठवायचा, अशी ती कल्पना. पियानोला ८८ पट्ट्या, म्हणून त्यांच्या आराखड्यात फ्रीक्वेन्सीही ८८. भावाचा हेडसेट त्या पेटंटचा थेट वंशज नाही, पण तोही उड्याच मारतो. ब्लूटूथ ७९ चॅनेलांमध्ये सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलतं.

टाकाऊ पट्टा

या उड्या कुठे मारायच्या, हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर मायक्रोवेव्हनं अन्न तापवता येतं हे कळलं. अशी यंत्रं आजूबाजूला लहरी सांडतात. म्हणून १९४७ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासची जागा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातल्या यंत्रांसाठी बाजूला काढली. दळणवळणासाठी तो गोंगाटाचा, टाकाऊ पट्टा होता. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं तिथे परवान्याशिवाय संदेश पाठवायलाही मुभा दिली. अटी होत्या: शक्ती कमी ठेवा आणि संदेश एका जागी न ठेवता पसरवा.

आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारनं २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम काढले. भाऊ दुकानातून हेडसेट घेऊन थेट घरी आला, पोस्टात गेला नाही, यामागे असे निर्णय आहेत. पण फुकटच्या जागेत गर्दी होतेच. घरचं वायफाय, शेजाऱ्याचं वायफाय, वायरलेस माउस आणि भावाचा हेडसेट, सगळे त्याच पट्ट्यात दाटीवाटीनं बसतात.

धान्याची साठवण

ब्लूटूथवर काम १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झालं. याप हार्टसेन हा डच इंजिनिअर त्यात प्रमुख होता. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा एकत्र आल्या, आणि दहाव्या शतकातल्या डॅनिश राजाचं नाव या तंत्राला मिळालं. हेतू साधा होता: छोट्या उपकरणांमधल्या तारा काढून टाकायच्या. मोबाइलवर बोलताना कानाला लावायचा हेडसेट हे त्याचं पहिल्या कामांपैकी एक. गेम कुणाच्या डोक्यात नव्हता, आणि भावाच्या तक्रारीचं मूळ मला तिथेच सापडलं.

बोलण्यासाठी ब्लूटूथनं एक वाट आखली, तिला हँड्स-फ्री प्रोफाइल म्हणतात. आवाज दोन्ही बाजूंनी जातो, पण टेलिफोनसारखा सपाट, एकाच पदराचा. गाणी ऐकण्यासाठी साधारण २००३ मध्ये दुसरी वाट आली, एटूडीपी. तीत डावा-उजवा आवाज वेगळा आणि दर्जा चांगला, पण आवाज फक्त फोनकडून कानाकडे जातो, माइकला जागा नाही.

गाण्याच्या वाटेवर उशीर का होतो, हे मी भावाला त्याच्याच मिलच्या भाषेत सांगितलं. गिरणीच्या वर धान साठवायचा हॉपर असतो. खालून येणारा पुरवठा क्षणभर थांबला तरी गिरणी रिकामी फिरत नाही. हेडसेटही तसंच करतो. फोन आवाजाचे बारीक तुकडे करतो, दाबून लहान करतो आणि पाठवतो. गर्दीत एखादा तुकडा हरवला तर पुन्हा पाठवतो. तोवर गाणं तुटू नये म्हणून हेडसेट थोडे तुकडे आधीच साठवून ठेवतो. साठा जितका मोठा, तितकं गाणं न तुटता वाजतं आणि तितकाच आवाज उशिरा येतो. गाणं ऐकणाऱ्याला हे कळतही नाही, कारण सगळंच गाणं सारखं मागे सरकलेलं असतं.

उशीर किती, हे आम्ही घरीच मोजलं. गेमच्या सरावाच्या मैदानात भावानं बंदूक चालवली आणि मी दुसऱ्या फोननं सेकंदाला ६० चित्रांचा व्हिडिओ काढला, हेडसेट माइकजवळ धरून. बंदुकीचा जाळ दिसल्यापासून आवाज येईपर्यंत १३ चित्रं गेली. हेडसेट काढून फोनच्याच स्पीकरवर मोजलं तर ४. म्हणजे ९ चित्रांचा, १५० मिलिसेकंदांचा उशीर एकट्या हेडसेटचा.

हवेत आवाज तेवढ्या वेळात साधारण ५० मीटर जातो. झाडीपट्टीचं नाटक मांडवाच्या अगदी मागून पाहिलं असेल तर तुम्हाला हा अनुभव आहे. तबलजीचा हात पडलेला आधी दिसतो, थाप जरा मागून येते. भाऊ प्रत्येक लढाई अशी मांडवाच्या मागे बसून लढत होता.

दिशा कुठे गेली?

पण त्याच्या तक्रारीत दुसरी गोष्टही होती, जी त्याला नीट मांडता येत नव्हती. "कोणत्या बाजूनं येऊन राहिला तेच समजत नाही."

आवाजाची दिशा आपण दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला जरा नंतर. हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. शिवाय मध्ये डोकं येत असल्यानं लांबच्या कानाला आवाज हलका लागतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी १९०७ मध्ये या दोन्ही खुणा मांडल्या होत्या. आता बघा, १५० मिलिसेकंदांचा उशीर दोन्ही कानांना सारखाच होतो, त्यामुळे त्यानं दिशा बिघडायला नको. मग ती का बिघडली?

कारण भाऊ टीमशी बोलायला हेडसेटचा माइक चालू करत होता. माइक चालू झाला की फोन गाण्याची वाट सोडून बोलण्याची वाट धरतो. त्या क्षणी डावं-उजवं संपतं, दोन्ही कानांत एकच आवाज येतो. म्हणजे "मागे आहे, मागे आहे" असं मित्र ओरडत असताना तो मागे आहे हे ऐकण्याची सोयच गेलेली असते. हेडसेट बिघडलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या शेवटी फोनवर बोलण्यासाठी जे ठरलं होतं, तेच तो इमानदारीनं करत होता.

यावर फुकटचा इलाज निघाला. त्याच्या अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये हेडसेटच्या नावापुढे ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन बटणं आहेत. आम्ही पहिलं बंद केलं. आता हेडसेट फक्त ऐकवतो आणि बोलणं फोनच्या स्वतःच्या माइकमधून जातं. पंखा जवळ असला तर मित्रांना घरघर ऐकू येते, पण दिशा परत आली. भाऊ डोळे मिटून बसला आणि गेममधल्या पावलांकडे बोट दाखवत राहिला. दहापैकी नऊदा बरोबर.

उशीर मात्र तसाच राहिला, कारण तो बटणानं जात नाही. ‘गेमिंग मोड’ असलेले हेडसेट साठा लहान करतात. त्यानं फरक पडतो, पण खोक्यावरचा मिलिसेकंदाचा आकडा बहुधा हेडसेटपुरताच असतो, फोनचा वेळ त्यात धरलेला नसतो. शिवाय साठा लहान केला की गर्दीत आवाज तुटतो. एलई ऑडिओ नावाची ब्लूटूथची नवी पद्धत हे दोन्ही प्रश्न बरेच सोडवते, पण ती फोन आणि हेडसेट दोन्हीत असावी लागते. भावाच्या फोनमध्ये नाही.

उरतो तो डोंगल, म्हणजे फोनच्या टाइप-सीमध्ये बसणारा छोटा तुकडा. पट्टा तोच २.४ गिगाहर्ट्झचा, पण ब्लूटूथच्या वाटा सोडून स्वतःची वाट, जी खेळासाठीच आखलेली असते. स्टिरिओ आणि माइक बहुधा एकाच वेळी चालतात. रेलटोलीतल्या एका मित्राकडून भावानं असा हेडसेट एका संध्याकाळपुरता आणला. मोजला तर ६ चित्रं. म्हणजे हेडसेटचा स्वतःचा उशीर २ चित्रांचा, ३३ मिलिसेकंद. मांडवाच्या मागून उठून एकदम पुढच्या रांगेत बसल्यासारखं. मात्र डोंगल घेताना त्यातच चार्जिंगचं भोक आहे का हे बघावं लागतं, नाहीतर पुन्हा चार्जर की आवाज, हाच प्रश्न.

चार्जिंगची सोय असलेला आम्हाला दोन हजारांच्या थोडा वर मिळत होता. मी पैसे देतो म्हणालो, तर तो नाही म्हणाला. "चुकी माही होती, मी पाहूनच नाही घेतला." मला ते पटलं नाही. खोक्यावर माइक होता, स्टिरिओ होतं, गेमिंग होतं. तिन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते वाचायला त्यानं कुठे जायचं होतं?

त्यानं सप्टेंबरपर्यंत शनिवार-रविवार पुन्हा मिलमध्ये काम केलं आणि डोंगलवाला घेतला. दिवाळीच्या स्पर्धेत टीमनं त्यालाच ठेवलं. दुसऱ्या फेरीत हरले, पण आवाजामुळं नाही, असं चौघांचंही म्हणणं आहे.

पहिला हेडसेट आता आजीकडे आहे. सकाळी ती फोनवर आकाशवाणी लावते, हेडसेट कानाला लावते आणि तांदूळ निवडत बसते. तिला त्यात काहीच उशिरा येत नाही.